कामाचं उजव्याला, काळजाचं डाव्याला

"कामाचं उजव्याला, काळजाचं डाव्याला,
पत्ता नाही ज्याला, ते माझ्या उशाला..."

हा आवाज बाबांचा. टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत, भिंतभर खणांच्या फडताळासमोर उभे राहून बाबा पत्रं लावायचे आणि लावता लावता हे गुणगुणायचे. हात गाण्यामागे धावायचा की गाणं हातामागे, कुणास ठाऊक. शाळा सुटली की दोघी बहिणी तिथल्या टेबलाखाली येऊन बसायच्या, रिकाम्या थैल्यांवर, खळीच्या वासात. कचेऱ्यांचे जाड लिफाफे उजवीकडच्या खणांत धप्पकन पडत. घरगुती पत्रं डावीकडे, पाखरू फांदीवर टेकावं तशी.

"बाबा, न उघडता कसं कळतं काळजाचं कुठलं ते?" धाकटी विचारायची.

"पत्ता लिहिताना हात जरा कापलेला असतो गं."

"आणि चुकून इकडचं तिकडे पडलं तर?" हा प्रश्न थोरलीचा. ती लहानपणापासूनच तसली.

तेव्हा मात्र बाबांचं गाणं थांबायचं. "तसं होऊ द्यायचं नाही, बाळा. तेवढ्यासाठीच मला पगार देतात."

त्या थोरलीला आता पंचावन्नावं लागलं होतं आणि तिला सगळे पत्रताई म्हणत. ती कामाला होती तो कारखाना डोळ्यांचा होता. अपघातात, आजारात किंवा जन्मतःच ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी इथे दुसरा घडवला जाई. दिसायचं काम तो करत नसे, पण समोरच्याला जोडीचा वाटला पाहिजे, एवढी त्याची जबाबदारी. खालच्या मजल्यावर साचे, घासणी, चकाकी. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीशी रंगारीबुवा बसत. एका केसाच्या कुंचल्याने ते बुबुळं रंगवत आणि लाल रेशमाचे धागे सुटे करून पांढऱ्यावर शिरा म्हणून अंथरत. त्यांच्या शेजारच्या खोलीत पत्रताई. गावोगावच्या डॉक्टरांची पत्रं, आयांची पत्रं, फोटो, मापं, तक्रारी, आशीर्वाद, सगळं तिच्या संगणकात उतरे. रंगारीबुवा रंगाची कृती तोंडाने सांगत, "तपकिरी तीन, हिरवा एक, कडेला धुराचा," आणि ती टाइप करून डॉक्टरांना धाडून देई. चौदा वर्षांत एक लाख बारा हजार पत्रं जमली होती.

आणि एके सोमवारी प्लगराव वर आले.

प्लगराव म्हणजे संगणक सांभाळणारे गृहस्थ. कुठलीही तक्रार घेऊन जा, पहिला प्रश्न ठरलेला, "प्लग लावलाय का?" म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही, पण जुन्या वस्तूकडे बघताना त्यांच्या नजरेत भंगारवाला जागा होई.

"पत्रताई, तुमचं मेलचं ॲप म्हातारं झालं. बनवणाऱ्यांनीच हात वर केलेत. या महिन्याच्या अखेरीला बंद. नवं घ्यायचंय."

"घ्या की. पत्रं?"

"येतील ना. गेल्या दोन वर्षांची येतील."

"आणि बारा वर्षांची?"

"ती एका डिस्कवर टाकून कपाटात ठेवू. कुणाला लागतात?"

पत्रताईने चष्मा काढला. तिने चष्मा काढला की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा आवाज खाली आणत. "प्लगराव, डोळा पाच-सात वर्षं टिकतो. मग माणूस परत येतो. आला की म्हणतो, तसाच करून द्या. तसाच म्हणजे कसा, हे त्या बारा वर्षांत आहे. माझी सगळी पत्रं येणार असतील तर नवं घ्या, नाहीतर मलाच त्या डिस्कसोबत कपाटात ठेवा."

हे कारण खरं होतं, अगदी सोळा आणे. पण त्याच्या पोटात आणखी एक कारण होतं आणि ते तिने कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. त्या एक लाख बारा हजारांत एक पत्र धाकटीचं होतं.

सात वर्षांपूर्वीचं, तीन ओळींचं. "ताई, इथलं आता निभत नाही. काही दिवस तुझ्याकडे येऊन राहू का? तू हो म्हणालीस तरच येईन."

बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेवटचे पाच महिने त्यांना उठवणं-बसवणं थोरलीने एकटीने केलं होतं आणि धाकटी एकदाही फिरकली नव्हती. तो राग थोरलीच्या गळ्याशी होता. हो म्हणायचं हे तर पत्र वाचतानाच ठरलं होतं, पण त्याआधी चार गोष्टी सुनवायच्या होत्या. त्या चार गोष्टी आज लिहू, उद्या लिहू. अकरा दिवस असे गेले, पुढे कामाच्या गर्दीत महिना गेला. मग मावशीचा फोन आला, की धाकटी सासर सोडून दुसऱ्याच गावी गेली, नोकरी धरली, एकटी राहते. मावशीने नंबरही सांगितला. थोरलीने तो वहीत लिहून घेतला आणि वही मिटली. आपण उत्तर दिलं नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही, आता कोणत्या तोंडाने फोन करायचा? अशी सात वर्षं. ते पत्र तिने पुन्हा उघडलं नाही. पण ते तिथे आहे, हे माहीत असणं तिला लागत होतं. घराच्या वरच्या खोलीत एक पलंग कायम घातलेला असे, तसंच. कुणी विचारलं तर म्हणे, "पाहुण्यांसाठी."

मालकीणबाईंपुढे गोष्ट गेली. बाई सत्तरीच्या, बोलणं मोजकं. त्यांच्या सूनबाई हल्ली कारभार बघत. हुशार पोर, पण घाई सतत कडेवर.

"तीन ॲपं आहेत," सूनबाई म्हणाल्या. "एक मी सुचवते, एक प्लगराव."

"आणि तिसरं?" मालकीणबाई.

"तिसरं मी," पत्रताई दारातून म्हणाली. चार दिवस दुपारच्या सुट्टीत ती वाचत बसली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. "आठवडाभर तिन्ही वापरून बघू. शुक्रवारी परीक्षा घेऊ. दहा प्रश्न, रोज फोनवर येतात तसलेच. परीक्षक रंगारीबुवा."

"बुवांना संगणकातलं काय कळतं?" प्लगराव हसले.

"म्हणूनच," मालकीणबाई म्हणाल्या. "पण पत्रताई, तुझं हरलं तर ती बारा वर्षं कपाटात जातील. मग कुरकुर नको."

"नाही करणार," पत्रताई म्हणाली.

सूनबाईंच्या ॲपला सगळ्यांनी 'नटवं' म्हणायला सुरुवात केली. काय त्याचा थाट! उघडलं की पडद्यावर पहाट फुटायची. पत्रं स्वतःच वाचून महत्त्वाची वर, बिनमहत्त्वाची खाली लावायचं. उत्तरंसुद्धा सुचवायचं. पहिल्या दिवशी पत्रताईसुद्धा भुलली. खोटं कशाला बोला, तिलाही त्याच्यात काम करताना आपण तरुण झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी एका आईचं पत्र सापडेना. तिच्या तीन वर्षांच्या मुलीच्या डोळ्याचं माप होतं त्यात. शोधता शोधता ते जाहिरातींच्या ढिगात मिळालं, चपलांच्या सेलखाली. बाईने आनंदाच्या भरात सहा उद्गारचिन्हं टाकली होती, म्हणून. आणि फोटो! जागा वाचावी म्हणून नटवं ॲप फोटो आवळून दाखवायचं. रंगारीबुवांनी पडद्याला नाक लावलं.

"हा मध आहे की चहा?"

"बुवा, तपकिरी आहे."

"तपकिरी तर चपलासुद्धा असतात, सूनबाई. मी कुठला रंगवू?"

पण खरी गंमत बुधवारी झाली. नटव्यात घरचं आणि कामाचं खातं एकाच खिडकीत, आणि कुठल्या खात्यावरून पाठवायचं हे तेच ठरवायचं. सूनबाईंनी नवऱ्याला तीन शब्द लिहिले, "येताना साबण आण." ॲपला वाटलं, सकाळपासून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं चाललंय तर हेही त्यांनाच. दहा मिनिटांत डॉक्टरांचं उत्तर आलं, "जरूर. कोणता?"

कारखाना दोन मजली हसला. सूनबाईही हसल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पत्रताईला मात्र हसता हसता बाबांचं थांबलेलं गाणं आठवलं. तिच्या जुन्या ॲपमध्येही घरची आणि कामाची अशा दोन्ही पेट्या एकच होत्या. प्लगरावांनीच पूर्वी सोयीसाठी जोडून दिल्या होत्या.

प्लगरावांचं ॲप म्हणजे 'मोठ्या घरचं'. त्यात कॅलेंडर, कामांच्या याद्या, सभांची आमंत्रणं, काय नव्हतं? फक्त उघडायला वेळ लागे. त्यावर क्लिक करावं, खाली जाऊन एक साचा ओतून यावं, तोवर ते घसा खाकरत उभं राही. कामाचं खातं त्याने राजासारखं सांभाळलं, यात शंका नाही. घरचं खातं जोडायला गेलं की असा चेहरा करी, जणू पाहुणा चपला घालून आत आलाय. आणि जुनी पत्रं? दोन वर्षांची. त्यापलीकडे हात जोडलेले.

तिसरं पत्रताईचं. त्याला नावही मिळालं 'राखाडी', कारण ते तसंच होतं. फुकटातलं, जगभरच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात बांधलेलं, रूपाने गोदामासारखं.

"याला आरसा दाखवा कुणीतरी," सूनबाई म्हणाल्या.

"गुण बघा," पत्रताई म्हणाली. "पत्रं आपल्या डिस्कवर राहतात, आपल्याच घरात. कामाचं खातं उजवीकडे, हिरव्या पट्टीत. घरचं डावीकडे, पिवळ्या पट्टीत. पाठवायच्या आधी विचारतं, कुणाकडून? आणि हे बघा. आलेलं पत्र आणि त्याला गेलेलं उत्तर, एकाखाली एक. जुन्यात पाठवलेली पत्रं वेगळ्या कपाटात जायची. बुवांची कृती शोधायला मी तिथे अर्धा दिवस घालवायची."

"आणि ही लाखभर पत्रं यात भरणार कोण?" प्लगराव हात चोळत म्हणाले. "मी नाही हं. मध्येच अडकलं तर सगळं मुसळ केरात."

"मी भरते."

आणि तिने भरली. एकेका वर्षाचं गाठोडं करून, जेवणाचा डबा संगणकासमोर उघडून. पाचव्या वर्षाशी गाडी अडली. तिने ते वर्ष महिन्या-महिन्यात फोडलं, बिघडलेलं एक पत्र चिमट्याने खडा काढावा तसं काढलं आणि पुन्हा लावलं. प्लगराव दारातून दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा खुर्ची ओढून बसले. "असं नाही ताई, आधी जुन्याची घडी नीट बसवून घ्या," म्हणाले आणि स्वतःच कळफलक घेतला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आकडा दिसला. एक लाख बारा हजार चारशे सहा. पाठवलेली वेगळी. घरचं सगळं डावीकडे पिवळ्यात बसलं होतं. तिने तिकडे पाहिलं, पण उघडलं नाही. परीक्षा व्हायची होती अजून.

शुक्रवारी अकरा वाजता खालची माणसं हात पुसत वर आली. तीन संगणक मांडले होते. नटव्यावर सूनबाई, मोठ्या घरच्यावर प्लगराव, राखाडीवर पत्रताई. रंगारीबुवांच्या हातात टिकटिक घड्याळ होतं, साच्यातले डोळे गरम पाण्यात शिजवून घट्ट करायच्या भांड्याला लावतात ते. घंटा वाजेपर्यंतच वेळ.

पहिले प्रश्न सोपे निघाले. गेल्या महिन्यातलं माप. कालची तक्रार. नटवं पाखरासारखं झडप घालत होतं. सहा प्रश्न झाले तेव्हा नटवं चार, मोठ्या घरचं एक, राखाडी एक. खालच्या घासणीवाल्याने पत्रताईकडे बघून मान हलवली, डॉक्टर बाहेर येऊन हलवतात तशी. सातव्याला राखाडी जिंकलं, तीन वर्षांपूर्वीचं पत्र होतं म्हणून. आठवं नटव्याने नेलं. पाच-दोन-एक. आता गणित संपल्यातच जमा होतं.

आणि बाहेर रस्त्यावर खणणाऱ्यांची घरघर चालली होती, ती एकदम थांबली. कुणीतरी ओरडलं, "अरे, केबल!"

नटव्याच्या पडद्यावर एक गोल फिरायला लागला. खाली अक्षरं आली, "जरा थांबा, तुमच्यासाठी काहीतरी छान शोधतोय."

"नेट गेलं," सूनबाई म्हणाल्या. "परीक्षा उद्या."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वर आला तो एक न्हावी, गळ्यात अजून कामाचा ॲप्रन, एका डोळ्यावर पांढरी पट्टी.

"माफ करा, खाली कुणी नव्हतं," तो म्हणाला. "सकाळी तोंड धुताना डोळा बेसिनमध्ये पडला आणि फुटला. मला सोमवारी दुकान उघडायचंय. गिऱ्हाईक दिवसभर आरशातून माझ्याकडेच बघत असतं हो. पट्टी लावून वस्तरा धरला तर खुर्चीतून उठून पळतील."

"कधी केला होता आपल्याकडे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी पत्राने करवला होता. ते डॉक्टर आता नाहीत. नंबर-बिंबर माझ्याकडे काही नाही."

"फुटलेला डोळा आणलाय?"

त्याने रुमाल उघडला. बुबुळाच्या जागी नुसती कपची उरली होती.

"उरलेल्या डोळ्यावरून करू की," सूनबाई हळूच म्हणाल्या.

रंगारीबुवांनी न्हाव्याची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. बराच वेळ पाहिलं. "करता येईल, पण चार दिवस लागतील. या डोळ्यात खाली एक धूर आहे, तो मी तेव्हा कसा साधला होता देव जाणे. कृती मिळाली तर सोमवार. नाहीतर गुरुवार."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकीणबाईंनी काठी एकदा जमिनीवर आपटली. "हाच नववा प्रश्न. आणि दहावाही हाच. जो शोधेल तो जिंकला. बुवा, घड्याळ."

"हे काय?" प्लगराव म्हणाले. "नेट नाही, नऊ वर्षांपूर्वीचं..."

"गिऱ्हाईक काय नेट बघून येतं?" मालकीणबाई म्हणाल्या.

घड्याळ टिकटिकायला लागलं. नटवं छान काहीतरी शोधतच होतं. मोठ्या घरचं दोन वर्षांच्या कुंपणाशी जाऊन परत फिरलं. पत्रताईने न्हाव्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं, काही आठवतं?"

"मला वाचून दाखवलं होतं त्यांनी," न्हावी म्हणाला आणि ओशाळून हसला. "लिहिलं होतं, डोळ्यात एक सोनेरी ठिपका आहे, तो विसरू नका, त्याच्या बायकोला तो आवडतो."

पत्रताईने दोन शब्द टाइप केले. सोनेरी ठिपका.

राखाडीने कुठलाही नखरा केला नाही. तीन पत्रं समोर ठेवली. पहिलं एका शाळकरी मुलीचं. दुसऱ्यात "त्याच्या बायकोला" हे शब्द होते. सोबतचा फोटो पूर्ण आकाराचा, डोळ्याएवढा मोठा उघडला आणि त्याच्याखाली, त्याच धाग्यात ओवलेलं, नऊ वर्षांपूर्वी तिनेच पाठवलेलं उत्तर. तिने मोठ्याने वाचलं, "मधाचा तीन, शेवाळी अर्धा, खाली धूर, तोही ओला असतानाच फुंकून. सोनेरी ठिपका, घड्याळाच्या चाराशी."

"फुंकून!" रंगारीबुवा ओरडले. त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. "फुंकला होता मी तो! साफ विसरलो होतो! बसा हो, बसा तुम्ही, सोमवारी नाही, उद्या संध्याकाळी डोळा घेऊन जा!"

घड्याळाची घंटा त्यानंतर वाजली. कुणाला ऐकूच आली नाही, कारण खालची सगळी मंडळी टाळ्या पिटत होती. घासणीवाल्याने डब्यावर ताल धरला. न्हावी काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवत होता. प्लगराव पुढे झाले, राखाडीच्या पडद्यावर हळूच थाप मारली आणि म्हणाले, "रूप नाही, पण घरंदाज आहे." सूनबाईंनी नटवं बंद केलं. "ताई, मला उद्या बसवून शिकवा. साबणाची गोष्ट पुन्हा व्हायला नको."

मालकीणबाई निघता निघता म्हणाल्या, "राखाडी. सगळ्या पत्रांसकट." आणि जरा थांबून, "चांगलं केलंस."

त्या कारखान्यात चांगलं केलंस हे दोन शब्द कुणी चौदा वर्षांत ऐकले नव्हते.

गर्दी ओसरली. तीनच्या सुमाराला नेटही आलं. पत्रताईच्या अंगात अजून टाळ्या वाजत होत्या. त्या भरातच, जिंकलेला माणूस जसा कुठल्याही दाराशी जायला धजतो तशी, तिने डावीकडे पिवळ्या पट्टीत हात घातला. सात वर्षं मागे गेली. धाकटीचं पत्र उघडलं.

तीन ओळी. तशाच.

आणि त्यांच्याखाली, त्याच धाग्यात, एक उत्तर.

तिला वाटलं, नजर चुकली. तिने तर उत्तर दिलंच नव्हतं. तिने चष्मा पुसला आणि वाचलं.

"महोदय, आपले पत्र मिळाले. आपल्या प्रकरणाची नोंद घेतली आहे. कृपया दोन्ही डोळ्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवावेत. चार आठवड्यांत कळवू. पत्रव्यवहार विभाग."

ती पोच होती. कारखान्याची पोच. जुन्या ॲपमध्ये रोज संध्याकाळी आलेली सगळी पत्रं एकदम निवडायची आणि पोचेचं बटण दाबायचं. सगळ्यांना एकच मजकूर जाई, आणि तो वेगळ्या कपाटात पडे, जे कधी कुणी उघडलं नाही. पेट्या तर एकत्रच होत्या. अकरा दिवस रोज संध्याकाळी ते एक पत्र तिने हाताने बाजूला ठेवलं असणार. आणि बाराव्या दिवशी विसरली असणार. तारीख तेच सांगत होती.

बहिणीने विचारलं, येऊ का? आणि बहिणीला उत्तर गेलं, दोन्ही डोळ्यांचे फोटो पाठवावेत.

पत्रताई आधी पांढरी पडली. मग तिला हुंदका आला, आणि तो हुंदका मध्येच कुठेतरी वळला आणि हसू होऊन बाहेर पडला. ती टेबलावर डोकं टेकून हसत होती आणि रडत होती. पलीकडून रंगारीबुवा कुंचला हातात घेऊनच आले.

"काय झालं गं? प्लग निघाला?"

तिने पडद्याकडे बोट केलं. बुवांनी वाचलं. वरचं, मग खालचं. त्यांची मिशी एकदा थरथरली. "ही बहीण?"

"हं."

"आणि ती तुला आजवर काही बोलली नाही?"

"काय बोलणार, बुवा? तिला वाटलं असेल, ताई टोमणा मारतेय. डोळे उघड म्हणतेय."

बुवांनी भिंतीला टांगलेला मोबाइल घेतला, रुग्णांचे फोटो काढायचा तो. "चल, खिडकीशी ये. उजेड चांगला आहे अजून."

"कशाला?"

"नियम तुझाच आहे ना?"

तिने उत्तरेच्या उजेडात चेहरा धरला. बुवांनी रंगाची पट्टी तिच्या गालाला लावली, सवयीने, आणि दोन्ही डोळ्यांचे फोटो काढले. लाल, ओले, खालच्या पापण्या सुजलेल्या. "उजवा जरा फिकट आहे," म्हणाले. "बापावर गेलाय का?"

ती परत खुर्चीत बसली. त्याच धाग्यात, त्या पोचेच्या खाली, तिने फोटो जोडले आणि लिहिलं, "हे माझे. दिवसाच्या उजेडातले. ते उत्तर मी लिहिलं नव्हतं, बटणाने गेलं आणि मला आत्ता कळलं. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन तू करावास असं म्हणायचा हक्क मला उरला नसला तरी वाट बघते." खाली स्वतःचा नंबर दिला. राखाडीने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाकडून? तिने तीनदा पाहिलं. घर. पिवळं. डावीकडचं. मगच पाठवलं.

बुवा आपल्या खुर्चीकडे गेले, पण कुंचला चालेना. न्हाव्याचं बुबुळ अर्धं झालं होतं. पाच मिनिटं. दहा. खाली चकाकीचं चाक फिरत होतं. सतराव्या मिनिटाला फोन वाजला.

पलीकडे आधी नुसता श्वास होता. मग एक आवाज, टेबलाखालचा, थैल्यांवर बसलेला, सात वर्षांनी जरा जाडसर झालेला.

"पत्रव्यवहार विभाग का?"

पत्रताईने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"नाही म्हणजे," धाकटी म्हणाली, "चार आठवड्यांत कळवतो म्हणाला होतात. मी किती थांबले माहितेय? मी फोटो काढलेसुद्धा होते गं. भांडायला पाठवणार होते. मग म्हटलं, ताईला माझा एवढा राग आहे तर... बाबांच्या वेळी मी आले नाही. मला घरातून सोडत नव्हते, आणि ते तुला सांगायची लाज वाटत होती. बोल ना. अजून रागावलीयेस?"

"होते रागावलेली," पत्रताई म्हणाली. बुवांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "तुला चार गोष्टी सुनवायच्या, मग हो म्हणायचं, असं ठरवून बसले. त्यात अकरा दिवस घालवले मी. पण ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचलं ना, त्याच संध्याकाळी मी वरची खोली झाडली. बाबांचा पलंग वर चढवला, एकटीने, जिन्यात दोनदा अडकला. चादर घातली. ती चादर मी सात वर्षं दर आठवड्याला बदलतेय. ये."